सेट दर वेळी तिथेच ‘उचकी’ का देतो? लेगो स्टॉप-मोशनमधला हलता सेट पकडताना

स्टॉप-मोशन म्हणजे खेळणं जरा-जरा हलवत एकेक फोटो काढायचा आणि ते फोटो सलग चालवायचे. त्यातलं हे लक्षण ओळखीचं आहे. शॉट रंगात आलेला असतो, लेगोचा माणूस पावलं टाकत छान निघालेला असतो, आणि मधेच मागची भिंत टुणकन एका बाजूला सरकते. माणूस नाही, भिंत. फ्रेम सलग चालवून बघितल्या की सेटला उचकी लागल्यासारखं दिसतं. पुन्हा शूट करा, पुन्हा उचकी.

मागच्या मेच्या सुट्टीत भाचा कोथरूडला आमच्याकडे राहायला आला होता. आम्ही ठोकळ्यांचं एक अमृततुल्य बांधलं: वीतभर दुकान, समोर रस्ता, पलीकडे बाक. माणूस चहाचा कप घेऊन दुकानातून निघतो, रस्ता ओलांडतो, बाकावर बसतो. सेकंदाला १२ फ्रेम धरल्या तर आठ सेकंदांच्या शॉटला ९६ फोटो. चार वेळा शूट केलं आणि चारही वेळा साठाव्या फोटोच्या अलीकडे-पलीकडे भिंतीने उडी मारली.

पहिल्या उडीनंतर मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. दिसेल ते चिकटवलं. दुकानाच्या भिंतीखाली फेविक्विकचे चार थेंब सोडले. त्याची वाफ आजूबाजूच्या काळ्या ठोकळ्यांवर बसली आणि बुरशी धरल्यासारखे पांढरे डाग उठले. ते ठोकळे भाच्याच्या वाढदिवसाच्या सेटमधले होते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत अबोला. एवढं करून सेट हललाच, कारण भिंत मुळात हलत नव्हती.

आता कोणी विचारलं तर मी आधी एकच विचारतो: उचकी जागेला बांधलेली आहे की वेळेला? म्हणजे माणूस सेटवर एका ठरावीक ठिकाणी पोचला की येते, की शूटिंग सुरू होऊन अमुक वेळ गेला की येते, की तिला काही धरबंधच नाही? हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांचं औषध वेगळं आहे. जागेला बांधलेली असेल तर बहुधा पाया. वेळेला बांधलेली असेल तर उष्णता, चिकटवायची पुटी किंवा प्रकाश. कधीही येत असेल तर घरातली माणसं, फरशी किंवा तुमची बाही.

हे कळायला साधा प्रयोग पुरतो. माणसाला सुरुवातीपासून न चालवता थेट पन्नासाव्या फोटोतल्या जागी उभा करा आणि तिथून शूट सुरू करा. दहा-पंधरा फोटोंतच उडी आली तर जागा दोषी. आली नाही, पण पाऊण-एक तासाने आली, तर वेळ दोषी. फोटो फाइलवर वेळ असते, तिच्याशी ताडून बघा. आम्ही हे पाचव्या वेळी केलं. पहिल्यांदा केलं असतं तर ते काळे ठोकळे वाचले असते.

साक्षीदार ठोकळा

दुसरी तपासणी यापेक्षा महत्त्वाची. टेबलावर, सेटला कुठेही न टेकवता, एक ठोकळा दुहेरी चिकटपट्टीने पक्का बसवा. तो फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात दिसला पाहिजे. शेवटी क्रॉप करून टाकायचाच आहे. हा साक्षीदार. आता कशालाही हात न लावता वीस फोटो काढा. मग नेहमीसारखी हालचाल करत आणखी वीस. पहिला आणि शेवटचा फोटो एकावर एक आलटून-पालटून बघा. स्टॉप मोशन स्टुडिओसारख्या मोबाइलवरच्या अॅपमध्येही ओनियन स्किन असतं, म्हणजे आधीची फ्रेम पुसट दिसते. पण माझ्या मते पुसट चित्रापेक्षा दोन फ्रेम पटापट आलटून-पालटून बघणं बरं. बारीक हालचाल डोळ्याला तिथे लगेच टोचते.

साक्षीदार आणि सेट दोघं बरोबरीने सरकले असतील तर कॅमेरा हललाय. साक्षीदार जागेवर आणि सेट सरकला असेल तर सेट. साक्षीदार आणि जमीन जागेवर, फक्त भिंत तिरकी, तर बांधकाम कच्चं. आणि काहीच सरकलेलं नसूनही चालवल्यावर हलल्यासारखं वाटत असेल तर तो प्रकाशाचा खेळ.

अर्धा मिलिमीटर इतका का खुपतो, त्याचा हिशेब सोपा आहे. आमच्या फ्रेममध्ये सेटचा साधारण २४ सेंटिमीटर रुंद भाग यायचा. फुल एचडी चित्र १९२० पिक्सेल रुंद असतं. म्हणजे एका मिलिमीटरला आठ पिक्सेल. भिंत अर्धा मिलिमीटर सरकली तर पडद्यावर ती चार पिक्सेल उडते, तेही एका सेकंदाच्या बाराव्या भागात. टेबलापाशी उभं राहून जे दिसत नाही, ते टीव्हीवर लावलं की आजीलासुद्धा दिसतं. तिने विचारलं, “ती भिंत का रे नाचते?”

दोघं बरोबर सरकले: कॅमेरा

आमच्या आजारांपैकी पहिला इथे निघाला. मी फोन उभा केला होता एका जाड पुस्तकाला टेकवून, खाली पोस्टर लावायची निळी पुटी. तासाभराच्या फोटोंमध्ये सगळं चित्र हळूहळू वर चढलं होतं; म्हणजे फोन खाली झुकत होता. ही पुटी घट्ट वाटते, पण भार असेल तर ती सावकाश वाहते, आणि पुण्यातल्या मेच्या दुपारी जास्तच. पुटीने बाक चिकटवा, झाड चिकटवा, फोन मात्र तिच्या भरवशावर उभा करू नका. फोनसाठी स्क्रूने आवळायचा होल्डर आणि ट्रायपॉड. ट्रायपॉडची मधली दांडी वर काढायची नाही, पाय पूर्ण फाकवायचे, आणि मधे हुक असेल तर दोन लिटर पाण्याची बाटली त्याला बांधून जमिनीला जेमतेम टेकेल अशी ठेवायची. नुसती लोंबकळत ठेवली तर तीच झोके घेते.

स्क्रीनवर बोट टेकवून फोटो काढणं हा तर सरळ धक्का. ब्लूटूथचं बटण वापरा, नाहीतर दोन सेकंदांचा टायमर.

फोनच्या पोटातल्याही खोड्या असतात. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही लॉक करायचं हे बहुतेकांना माहीत असतं. पण चित्र स्थिर ठेवणारी सोय चालू असेल तर काही फोनमध्ये आतली लेन्स तरंगती असते. ती प्रत्येक फोटोला अगदी त्याच जागी येऊन बसेल असं नाही. जमत असेल तर ती बंद करा. आणि दोन-तीन लेन्सचे फोन वस्तू फार जवळ आली की आपल्या मनाने लेन्स बदलतात, मग अख्खा सेट एका झटक्यात वेगळाच दिसतो. तो प्रकार सेट हलल्यासारखाच वाटतो, आणि त्यावर गोंद चालत नाही.

दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी, १९१२ च्या सुमारास, वाटाण्याचं रोप उगवताना एकेक फ्रेम टिपत बसले होते. इतके दिवस कॅमेरा जागचा न हलवता! आमचा फोन तासभर नीट बसेना.

मग फरशी. ट्रायपॉड नवा आणला, होल्डर आवळला, तरी अधूनमधून एखाद-दुसरी फ्रेम उडायची. इथे भाच्याने डोकं चालवलं. त्याने पाण्याची वाटी आधी टेबलावर ठेवली आणि पाण्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघत मला खोलीत फिरायला लावलं. टेबलावर काही नाही. मग वाटी ट्रायपॉडच्या पायाशी ठेवली.

“मामा, थांब. मागे जा. आता पुढे ये. परत.”

मी पुढे आलो की पाण्यातली ट्यूब थरथरायची. ट्रायपॉडचा एक पाय ज्या फरशीवर होता, ती फरशी पोकळ होती. बोटाच्या पेराने ठोकली की डबडब वाजायची. मी तिच्या दुसऱ्या टोकावर पाय दिला की ती केसभर उचलायची आणि कॅमेरा तेवढाच कलायचा. ट्रायपॉड दीड फूट सरकवला आणि विषय संपला. जुन्या इमारतीत राहत असाल तर ट्रायपॉड लावण्याआधी आसपासच्या फरश्या ठोकून बघा, फुकटचं काम आहे. रस्त्यालगत घर असेल तर बस जाताना पाण्यावर काय होतं तेही याच वाटीत कळतं. गणपतीच्या आधी ढोल-ताशांचा सराव जवळ चालत असेल तर त्या तासात शूटिंगच नको.

साक्षीदार जागेवर, सेट सरकला: पाया

आमची साठाव्या फोटोची उडी इथली. बहुतेकांची इथलीच असते असं माझं मत आहे.

हिरवी-करडी बेसप्लेट आणि साधी प्लेट हे दोन वेगळे प्रकार आहेत. बेसप्लेट पापडासारखी पातळ असते आणि तिच्या खालच्या बाजूला पकड नसते. ती कशावर ‘बसत’ नाही, नुसती ठेवलेली असते. साधी प्लेट ३.२ मिलिमीटर जाड असते आणि खालून दुसऱ्या ठोकळ्याला धरते. ३२ बाय ३२ बटणांची (म्हणजे वरच्या गोल उंचवट्यांची) बेसप्लेट, दोन बटणांच्या मध्यांमधलं अंतर ८ मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेपंचवीस सेंटिमीटरचा चौकोन. आम्ही तो टेबलाला चारही कडांनी चिकटवला होता. मधे काही नाही. हीच चूक.

असल्या प्लॅस्टिकचा मीटरभर तुकडा एका अंशाला साधारण ०.०८ मिलिमीटर लांबतो. आमच्या सेटवर जवळून ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब होता. बेसप्लेट दहा अंश तापली असं धरलं तर ती साधारण ०.२ मिलिमीटर वाढते. एवढंसं कोणी मोजत नाही. पण कडा चिकटवलेल्या असल्यामुळे वाढलेल्या लांबीला बाहेर जायला वाव नसतो, म्हणून ती मधे फुगते. आणि फुगवट्याची भूमिती फसवी असते: साडेपंचवीस सेंटिमीटरच्या पट्टीत ०.२ मिलिमीटर जादा कोंबले तर कागदावर मधला उंचवटा चार मिलिमीटरच्या वर जातो. प्रत्यक्षात चिकटपट्टी थोडी ढिली पडते म्हणून तितका होत नाही, पण माझ्या पट्टीवर मिलिमीटरभर तरी दिसला.

आता चित्र जुळतं. माणूस चालत चालत साठाव्या फोटोला रस्त्याच्या मध्यावर पोचायचा. तिथे पाया फुगलेला. आम्ही त्याला बटणावर दाबला की फुगवटा खाली बसायचा, बेसप्लेट बाजूला ताणली जायची, आणि तिच्यावरची भिंत टुणकन हलायची. म्हणून दर वेळी तीच जागा. आणि पन्नासाव्या जागेपासून सुरू केलेल्या प्रयोगात उडी दहा-पंधरा फोटोंत न येता अर्ध्या तासाने का आली, तेही इथे कळलं: बल्बला बेसप्लेट तापवायला वेळ हवा होता. जागा आणि वेळ, दोन्ही दोषी.

उपाय आम्ही तीन केले. बल्ब काढून एलईडी लावला आणि शूटिंगआधी अर्धा तास चालू ठेवला, म्हणजे जे तापायचं ते आधीच तापून घेतं. चिकटपट्टी कडांना न लावता मधे आणि मधून कोपऱ्यांकडे फुलीसारखी लावली. आणि बेसप्लेटखाली टेबलाऐवजी कडप्पा घेतला. ओट्याचं काम झाल्यावर उरलेला दोन फूट बाय दीड फुटाचा तुकडा गच्चीच्या जिन्यात पडून होता; जेमतेम पाऊण इंच जाड, पण वजन पंधराएक किलो. त्यावर सेट ठेवला की कोपर लागलं तरी हूं की चूं नाही. फक्त टेबल भक्कम हवं. घडीच्या टेबलावर कडप्पा ठेवणं म्हणजे पायावर धोंडा. कडप्पा नसेल तर १९ एमएम प्लायचा तुकडा आणि पुण्यात बोहरी आळीत मिळणारे दोन सी-क्लॅम्प. प्लाय टेबलाला आवळा, बेसप्लेट प्लायला चिकटवा. टेबल डुगडुगतं असेल तर आधी पायाखाली पुठ्ठ्याची घडी.

पण माझी पहिली पसंती वेगळी आहे: शॉट जिथे घडतो तिथे बेसप्लेटवर विसंबूच नका. साध्या प्लेटांचे दोन थर एकावर एक घ्या, वरच्या थराचे सांधे खालच्या थराच्या सांध्यांवर येऊ न देता, गवंडी विटा रचतो तसे. ही फळी दाबली तरी वाकत नाही. प्लेटा जास्त लागतात, हे खरं.

चिकटपट्टीचा चिकटा राहिला तर तो काढायला नेलपेंट रिमूव्हर किंवा थिनर वापरू नका. अॅसिटोनने हे प्लॅस्टिक विरघळतं. थोडं खोबरेल तेल चोळून मग साबणाचं पाणी, बास.

फक्त भिंत तिरकी

एका ठोकळ्याची जाडी आणि दहा-बारा थरांची उंची अशी भिंत मागून आधार नसेल तर डुलणारच. कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूला काटकोनात दोन टेकू बांधा आणि दर चार-पाच थरांनंतर सगळ्या लांबीवर एक लांब प्लेट फिरवा. बिनब्रँडचे आणि अस्सल ठोकळे एका भिंतीत मिसळू नका. मापात किंचित फरक असतो आणि सांधा कुठेतरी उघडा राहतो. बाजूला वेगळ्या भिंतीत चालतील. मागचं आकाश म्हणून कार्डशीट लावत असाल तर पावसाळ्यात ते दमट हवेने वाकतं. अप्पा बळवंत चौकात सनबोर्ड मिळतो, तो घ्या आणि सेटला नाही, टेबलाला बांधा.

काहीच हललेलं नाही, तरी हलतंय

खिडकीतलं ऊन. सावली सरकते आणि वाटतं भिंत सरकली. खिडकीला जाड चादर लावा आणि पांढरा शर्ट घालून सेटजवळ उभे राहू नका. त्याचा उजेड सेटवर पडतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून शटर (एक फोटो टिपायचा वेळ) १/५० किंवा १/२५ सेकंदावर ठेवा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार असेल तर लांब शॉट त्या दिवशी घेऊच नका.

माणूस दाबायची रीत

सेट कितीही पक्का केला तरी ९६ वेळा त्यात हात जाणार आहे. माणूस उपटताना आणि बसवताना लागणारा जोर हाच खरा शत्रू. भाचा त्याला डोक्याला धरून सरळ वर ओढायचा. बटणाची पकड सुटताना ‘टक्’ आवाज येतो ना, त्या टक्‌मध्ये अख्खी जमीन वर येते.

सरळ ओढू नका. माणसाच्या पायाला धरून आधी टाच मोकळी करा, मग तो पुढे कलवत सोडवा, डब्याचं झाकण एका बाजूने उघडतो तसं. दुसऱ्या हाताचं बोट शेजारच्या बटणांवर ठेवून जमीन दाबून धरा. बसवताना उलट: आधी पुढचा भाग, मग टाच, आणि दाब डोक्यावर नाही, कमरेवर.

पकडच कमी करता येते. रस्ता सपाट, बिनबटणांच्या टाइलांचा करा आणि माणूस जिथे पाय टेकवेल तिथेच एखादं बटण उघडं ठेवा, तेही एकाच पायाखाली. एका पायावर तो उभा राहतो आणि सोडवायला जोर बराच कमी लागतो. आखूड पावलं हवी असतील तर मधोमध एकच बटण असलेली बारीक प्लेट मिळते. तिच्यामुळे अर्ध्या बटणाने, म्हणजे ४ मिलिमीटरने, पुढे जाता येतं. आणि बोटांऐवजी लांब चिमटा वापरा, टोकांना कागदी टेप गुंडाळून. बाह्या कोपराच्या वर. माझी सहावी उडी बाहीच्या बटणाची होती.

उडी आलीच तर

पूर्ण शॉट फेकून देऊ नका. आधीची फ्रेम ओनियन स्किनमध्ये आणा आणि सेट त्या चित्रावर जुळेपर्यंत नखाने ढकला; बेसप्लेटच्या कडेला सुरुवातीलाच पेन्सिलने खुणा केल्या असतील तर हे दोन मिनिटांचं काम आहे. हललेला कॅमेरा असेल तर आणखी सोपं, कारण चित्र सगळं एकदम सरकलेलं असतं. एडिटमध्ये पुढच्या फ्रेम तेवढ्याच पिक्सेलने मागे ओढता येतात. त्यासाठी फोटो मोठ्या आकारात काढून शेवटी फुल एचडीत कापावेत, म्हणजे कडेला जागा उरते. सेटच सरकला असेल तर मात्र ही युक्ती नाही. तिथे शॉट तोडा. आम्ही तिथे चहाच्या कपाचा जवळचा शॉट घातला, आणि खरं सांगायचं तर सिनेमा त्याने सुधारलाच.

ती पोकळ फरशी अजून तशीच आहे. भाच्याने तिच्यावर खडूने मोठी फुली मारून ठेवली होती. तो गेल्यावर आईने केर काढला, फरशी पुसली, पण फुलीभोवतीने. आता दिवाळीत तो परत येईपर्यंत घरात सगळेच तिला वळसा घालून जातात.